रेग्युलेटर तीनवर

"एक," रेणुका म्हणाली.

"एक," संदेश म्हणाला.

"दोन."

"दोन."

"ती—"

तार लालभडक झाली आणि तटकन तुटली. थर्माकोलच्या ठोकळ्यात काळपट भोक राहिलं.

"लाईटच बेकार." संदेशनं बांबूचं धनुष्य खाली टाकलं. "सारखी वरखाली होती. ऱ्हाऊ दे आता."

"ऱ्हाऊ कसं दे? जत्रा तोंडावर आलीया." रेणुका जुन्या शेगडीच्या कॉइलची नवी तार उलगडायला बसली.

हे नवरा-बायको कामशेतजवळच्या पॅराग्लायडिंग कॅम्पवर कामाला होते. तो जीपनं माणसं डोंगरावर पोचवायचा, ती स्वयंपाक करायची. त्यांच्या वडिवळे गावच्या पारावर कुणीतरी टोमणा मारला, "लोकान्ला उडवतोस, तू कदी उडणार?" आणि संदेश बोलून गेला, "ह्या जत्रेला. घरी केलेल्या पंखावर. न्हाई उडलो तर मिशी काढीन."

म्हणून पंखासाठी तापल्या तारेनं थर्माकोल कापायचं हे यंत्र. धनुष्यात ताणलेली तार, बंद पडलेल्या यूपीएसचा ट्रान्सफॉर्मर, त्याच्या आधी पंख्याचा रेग्युलेटर. ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना पंखाच्या आकाराच्या फळ्या, फळ्यांवर आकडे. दोघांनी एकाच वेळी एकेक आकडा ओलांडायचा, नाहीतर पंख वाकडा. मापं रेणुकानंच कॅम्पवरच्या सरांना विचारून काढली होती.

रेग्युलेटर तीनवर असला की तार लोण्यातून सुरी जावी तशी जायची.

*रेग्युलेटर पाचवर.*

पाचवर ती तुटायची. आणि रेग्युलेटर पाचवर संदेशच न्यायचा. पायाच्या अंगठ्यानं, गुपचूप.

माळ्यावर चढतानाही त्याला घाम फुटायचा. लोक डोंगरावरून झेपावत तेव्हा तो जीपच्या टायरांची हवा बघत बसायचा. रेणुका मात्र खाली भाकऱ्या थापता थापता वर बघायची, एखादी करपायचीसुद्धा. यंत्रच चाललं नाही, तर मिशीही राहील आणि जीवही, एवढाच त्याचा हिशोब होता. पण ही बाई यंत्राला बंद पडू देईना.

*रेग्युलेटर रेणुकाकडे.*

"तुमच्या पायात येतोय सारका," म्हणत तिनं तो आपल्या बाजूला ओढला.

"रेग्युलेटर कुटंबी ठेव, लाईट हाय तशीच ऱ्हानार," संदेश म्हणाला.

"मग जीपची बॅटरी काढा."

*रेग्युलेटर काढलाच.*

बॅटरीवर तिनं तार थोडी लांब घेतली. उष्णता बेतात राहिली. लाईटचं निमित्त गेलं.

मग त्यानं तार ताणणारी स्प्रिंग गुपचूप आवळली. तार तुटली. तिनं स्प्रिंग काढून विटेचा तुकडा टांगला. तो आपल्या टोकाला मुद्दाम रेंगाळला. ठोकळ्यात खड्डा पडला, आख्खा तुकडा वाया. तिनं दुसरा ठोकळा मांडला. यंत्राला लाथ घालावी असं त्याला झालं.

"तुमचा हात लय कापतोय," ती म्हणाली. "आत्याबाई, तुमी धरा हिकडनं."

संदेशची आई, बयाबाई, हात पुसत आली. "ह्यो ल्हानपनापासनं असाच. पेन्शिलीला टोक कराया बसला, की पेन्शिलच संपवायचा."

"आये, तुला न्हाई जमायचं."

"गप उबा ऱ्हा. म्हन गं, एक."

"एक."

सासू-सून शेवटच्या आकड्यापर्यंत गेल्या. तार कुठंच अडली नाही. गुळगुळीत, पांढराशुभ्र तुकडा अलगद सुटून आला. संदेश दाराच्या चौकटीला टेकून बघत राहिला.

*आता रेग्युलेटर नाही.*

जत्रेच्या आदल्या सकाळी अंगणात पंख उभे होते. तुकडे चिकटवलेले, वरून कापड ताणलेलं. पोरं हात लावून पळत होती. "संदेशभाऊ, उद्या मिशी ऱ्हाती का जाती?" कुणीतरी रस्त्यावरूनच ओरडलं.

संदेशनं हात हलवला, हसला आणि रेणुकाला पंखाआड ओढलं.

"रेणुके, माज्यानं न्हाई व्हनार. मला उंचीचं भ्या वाटतं. लय भ्या वाटतं."

"ठावं हाय," ती म्हणाली. "लगीन झाल्यापासनं ठावं हाय. अंगठ्याचंबी ठावं हाय."

"मग येवढं रेटलंस कशापायी? उद्या काय मला ढकलून देनार हाईस?"

"तुमाला कोन उडवतंय?"

रेणुकानं पदर कमरेला खोचला, पंखाखाली शिरली आणि पट्टे खांद्यांवर चढवले. ते तिच्या मापाचेच होते.