वादकाकडे बघायचं नाही

नाचणाऱ्यांची दुसरी रांग वळत असताना व्हायोलिनचा एक सूर घसरला, आणि तो लॅव्हिनियाला ऐकू आला.

अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या त्या जुन्या गावात रोज दुपारी सतराशे सत्तर साल उजाडायचं. गव्हर्नरच्या दिवाणखान्यात मेणबत्त्या लागायच्या, भिंतीकडेला तिकीट काढून आलेली माणसं बसायची आणि मधोमध गावातलेच पगारी लोक केसांना पीठ लावून, वेताच्या घेराचे झगे घालून उमराव व्हायचे. लॅव्हिनिया प्रुइट ही या खेळात घरची मालकीण. कोपऱ्यात उभं राहून व्हायोलिन वाजवणारा काळा म्हातारा सीफस टॉलिव्हर हा तिचा गुलाम, सायमन. त्या काळच्या रीतीप्रमाणे तो वाद्य हनुवटीखाली धरायचा नाही, छातीला टेकवायचा. वीज नाही, स्पीकर नाही, फोन सगळ्यांचे बाहेरच्या कपाटात कुलूपबंद. कानावर पडेल ते त्या काळातलंच पडलं पाहिजे, असा तिथला हट्ट होता.

आणि वादकाकडे बघायचं नाही, हा नियम. तो सीफसनेच घालून दिलेला. सुरुवातीला ही मंडळी वाजवून झालं की त्याच्याकडे बघून गोड हसायची, माना डोलवायची. एकदा तालमीत त्याने वाद्य खाली ठेवलं. असे हसलात तर लोक घरी जाऊन सांगतील की तेव्हा सगळं छानच चाललं होतं, असं तो म्हणाला. तेव्हापासून कोणी बघत नसे. लॅव्हिनिया तर मुळीच नाही, ती नियमाची पक्की.

म्हणून आताही तिने बघितलं नाही. जनावराच्या आतड्याच्या तारा आहेत, दमट हवेत उतरायच्याच, अशी तिने स्वतःची समजूत घातली. पण सीफस नाचाआधी एकेक तार कानाशी धरून लावून घेतो, हेही तिला चांगलं ठाऊक होतं. मग आणखी एक सूर गेला. ताल रेंगाळला. आणि नाच अर्ध्यावर असतानाच वाद्य थांबलं.

रांगा होत्या तिथे उभ्या राहिल्या. अशा वेळी काय बोलायचं ते कोणालाच लिहून दिलेलं नव्हतं. सगळे मालकिणीच्या तोंडाकडे बघायला लागले. तिने हातातला पंखा मिटला आणि समोरच्या भिंतीकडे बघतच म्हणाली,

"सायमन, तुला थांबायला कोणी सांगितलं?"

लोक हसले. त्या हसण्याने तिला बरं वाटलं. वेळ मारून नेल्याचा आनंद झाला, आणि त्या आनंदात तिचा आवाज आणखी चढला.

"वाजव."

त्याने वाजवलं. बोटं तारांवर बसत नव्हती, सूर किरकिरत होते, पण पावलं टाकण्यापुरता ताल होता. नाच पुन्हा सुरू झाला. लॅव्हिनिया त्याच्या अगदी पुढ्यातून गिरकी घेऊन गेली. नजर समोर, ओठांवर हसू.

तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक प्रेक्षक बाई उठली.

"अहो, थांबवा हे. हा माणूस नाटक करत नाहीये."

लोकांनी तिच्यासाठीही टाळ्या वाजवल्या. हिलाही मुद्दाम बसवलेली दिसते, असं कोणीतरी कौतुकाने म्हणालं. बाई कोणाकडे न बघता कोपऱ्यात गेली, तिने सीफसचं मनगट धरलं आणि त्याला हळूच खाली बसवलं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं तेवढं आणता येत नाही, असं म्हणतात. घामाचंही आणता येत नाही. सीफसची गळपट्टी भिजून मानेला चिकटली होती.

आता लॅव्हिनियाने बघितलं. ती फोनसाठी धावली तर झग्याचा घेर दारात अडकला. तो तिने मोडून काढला. किल्लीवाला माणूस सापडायला, कपाट उघडायला जो वेळ गेला, तो सगळा तिला आपल्याच खात्यावर जमा होताना दिसत होता.

अँब्युलन्स आली तेव्हा सीफसला स्ट्रेचरवर घेऊन अंगणात आणलं. ती बाई नर्स निघाली. झटका हृदयाचा आहे, डाव्या हातात कळ आली असणार, म्हणून बोटं चुकत होती, असं तिने सांगितलं. लॅव्हिनिया स्ट्रेचरला धरून चालत होती. त्याने एखादी शिवी हासडली असती तर तिला हलकं वाटलं असतं. शेवटी तीच बोलली.

"सीफस, मला कळलं होतं. पहिला सूर गेला तेव्हाच कळलं होतं."

नर्सने त्याला बोलू नका म्हणून बजावलं. त्याने डोळे उघडले.

"वाजव म्हणालीस, तेव्हाही?"

खोटं बोलावंसं तिला फार वाटलं. पण त्याचे डोळे तिच्यावरून हलेनात.

"हो. तेव्हाही. मला माफ करा."

माफीचं त्याने ऐकलंच नाही बहुतेक. स्ट्रेचर गाडीत सरकवायला उचललं, तसा तो स्वतःच्या डाव्या हाताकडे बघायला लागला, परक्याचा हात बघावा तसा.

"तुझं राहू दे गं," तो म्हणाला. "छाती फुटत होती माझी. तरी तू म्हणालीस आणि मी वाजवायला लागलो. मी का लागलो?"