गॅसवाले शॉकअप

निंबर्ग्याच्या रस्त्यावरचे खड्डे बुजावेत म्हणून गिरिधर मास्तर तक्रारीवर तक्रार करत होते. शेवटी वैतागून त्यांनी गाडीचे कंपनीचे शॉकअप काढून बाहेरचे गॅसवाले बसवले. गाडी अशी तरंगू लागली की मास्तर भेटेल त्याला हौसेनं चक्कर मारून आणत.

त्याच आठवड्यात इंजिनिअरसाहेब रस्त्याच्या पाहणीला आले.

"जीप ऱ्हाऊ द्या साहेब, पाव्हणे हाव तुम्ही. माझ्या गाडीत चला," म्हणत मास्तरांनी त्यांच्या हातात काठोकाठ भरलेला चहा दिला. "थेंब जरी सांडला तर मला बोला."

फाट्यापासून गावापर्यंत थेंब सांडला नाही. मास्तर खुशीत स्टेअरिंगवर ताल धरून होते.

साहेबांनी शेवटचा घोट घेतला. "रस्ता तर झकास हाय की मास्तर. तक्रार कामून करायलाव?"