बोलके शेरे

वाचायला बसलं की अक्षरं त्याच्या डोळ्यांपुढे जागा सोडायची. म्हणून विद्यापीठातल्या मॅडम त्याच्या प्रत्येक असाइनमेंटवरचे शेरे लिहिण्याऐवजी फोनवर आपल्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवायच्या. त्या शेऱ्यांच्या जोरावर तो पदवीधर झाला, पण ते बघायला मॅडम राहिल्या नव्हत्या.

निकाल घेऊन तो त्यांच्या घरी गेला.

"घरात तिचे फोटो ढीगभर आहेत रे, आवाज मात्र कुठेच नाही," मॅडमचे यजमान म्हणाले. "धाकटी विचारते, आई कशी बोलायची?"

त्याने सगळे शेरे त्यांना पाठवून दिले.



आता शाळेतून आली की ती पोर फोन कानाला लावून बसते, आणि आई तिला सांगते, "हा परिच्छेद पुन्हा लिही बाळा. घाई नाही. मी आहे ना."