पाहुण्यांची फर्माईश

"पाहुणे तुमची आठवण काढतायत, मॅडम. उद्या दुपारी परत या," मॅनेजर सबनीस फोनवर म्हणाले, तशी हिल्डा हरखून गेली. दोन महिन्यांपूर्वीच हॉटेलने तिच्या त्रिकुटाला नारळ देऊन जेवणाच्या हॉलमध्ये स्पीकर बसवले होते. जुनी अमेरिकन गाणी ती जॅझच्या अंगाने वाजवायची, रोज नव्या जागा शोधत. कुणीतरी ऐकत होतं तर!

दुसऱ्या दिवशी ती ठेवणीतला झगा घालून पियानोपाशी बसली. बासवाला फेलिक्स आणि ड्रमवाला ऑस्वल्डही कडक इस्त्रीत आले होते. "लोकांनी कुठलं गाणं मागितलंय?" तिने सबनीसांना विचारलं.

"गाणं?" सबनीस गोंधळले. "तसं नाही हो. स्पीकरच्या आवाजात बोलता येत नाही म्हणतात. तुम्ही वाजवत असलात की गप्पा मस्त रंगतात!"

हिल्डाने पट्ट्यांवर बोटं ठेवली. तिने गाणं धरलं, तशा हॉलभर गप्पा रंगल्या. गाणं ऐन भरात आलं आणि तिने पियानोवरून हात उचलले. फेलिक्स, ऑस्वल्डही थांबले. टेबलाटेबलावरचं बोलणं अडखळलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सगळा हॉल पियानोकडे बघत होता.

हिल्डा उठली आणि तिने वाकून अभिवादन केलं.