गोणीचं शीड

"नाव आजपासून जगदेव चालवील," कस्तुरचंद शेठ म्हणाले. "हेमसिंगच नाही राहिला, तर तू कायले जिद करून राह्यली?"

गोमतीबाई गुडघाभर पाण्यात उभी होती. नावेचा दोर तिने मनगटाला दोन वेढे देऊन धरला होता. नवरा जाऊन चार महिने झाले होते. नाव गेली की दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचणं आलं, आणि ते तिला मंजूर नव्हतं.

"नाव माही हाय," ती म्हणाली. "मीच चालवीन."

सत्तावन्न सालची शिवरात्र होती. धनजजवळच्या या तळ्यात मधोमध बेट, बेटावर महादेव. दर्शनाला जायला दगडी बांध होता. नाव होती ती निव्वळ हौसेची. ज्यांनी बापजन्मी समुद्र पाहिला नव्हता, ते पार मेडशीहून बैलगाड्या जुंपून येत आणि शिडाखाली बसून बेटाला एक फेरा मारत. शीडही साधंसुधं नव्हतं. हेमसिंगचा आजा बंजारा, तांड्याबरोबर बैलांच्या पाठीवर घालून कोकणातलं मीठ आणायचा. त्या मिठाच्या गोण्या उसवून ते शिवलं होतं. तांड्याचा आणि समुद्राचा संबंध काय तो एवढाच.

हेमसिंग सुकाणूवर ताठ बसायचा. मान इकडची तिकडे करायचा नाही. घुंगट ओढून गोमतीबाई त्याच्या मागे, त्याच्या खांद्यावर हात ठेवून. नावेत चढता-उतरतानासुद्धा तो हात सुटत नसे. 'बाई पाण्याले भेते,' म्हणून लोक आठ वर्षं हसत आले. निघण्याआधी ती कमरेच्या पिशवीतून मूठभर कुटार, धान्याचा हलका भुसा, काढायची आणि हवेत सोडायची. तळ्यातल्या आसरा देवींना घास दिला, असं समजून लोक हात जोडायचे.

जत्रा शेठजींच्या पैशावर भरायची, म्हणून दर शिवरात्रीला पहिला फेरा त्यांचा. सबंध नाव त्यांच्याच घरच्यांसाठी. शेठाणी अंगुरीबाई आणि दोन्ही सुना आत बसल्यासुद्धा होत्या. जगदेव पैनगंगेवरचा नावाडी. वल्हं मारून मारून त्याचे केस पांढरे झाले होते. माणूस चांगला. पण शीड त्याने जन्मात उभं केलं नव्हतं, आणि हे शेठजींना सांगण्याइतका काही तो चांगला नव्हता.

"घास दे आन बाजूला हो," शेठ म्हणाले.

तिने कुटार सोडलं. खालचं बेटाकडे गेलं. वरचं मात्र गरकन फिरून तिच्याच तोंडावर आलं.

"सोडू नका. वारा पलटून राह्यला."

"आसराईले घास भेटला ना? मंग झालं."

"घास नोता तो, शेठजी. खळ्यावर उपणताना वारा पाहतेत, तसा पाह्यला मी."

काठावरची माणसं खो खो हसली. बाई वारा बघते म्हणे! शेठजींच्या गड्याने दोर तिच्या मनगटावरून ओढून घेतला. मनगट सोलवटलं.

नाव निघाली. वीस-पंचवीस हात गेली असेल नसेल, वारा उलटला. शीड फाडकन दुसऱ्या अंगाला पडलं आणि त्याचा बांबू जगदेवच्या कानशिलावर बसला. सुना किंचाळल्या. नाव कलंडत कलंडत कमळवेलींत जाऊन अडकली.

"शीडच खोटं हाय!" जगदेव तिथून ओरडला. नाचता येईना, अंगण वाकडं.

शेठजी काठावर येरझारा घालू लागले. पोहणारा माणूस शोधा म्हणाले. तोवर गोमतीबाई घागऱ्यासकट छातीभर पाण्यात शिरली होती. वेली तोडत ती नावेपर्यंत गेली आणि नावेच्या काठावर जोर देऊन आत चढली. जगदेवला तिने फडकं दिलं आणि खाली बसवलं. मग शीड उतरवलं आणि वाऱ्याची वाट बघत बसली. पिशवीतलं कुटार भिजलं होतं. तळाचं कोरडं तेवढं चिमूटभर काढून तिने सोडलं, बघितलं, पुन्हा थांबली. दुसऱ्या चिमटीला तिने शीड चढवलं.

नाव वेलींतून सुटली.

"वापस आन!" शेठजींनी काठावरून हाक दिली. "सीधी इकडे आन!"

तिने ऐकलं. नाव मात्र बेटाकडे वळवली. शेठजी ओरडत राहिले आणि ती सावकाश, काठावरच्या प्रत्येकाला नीट दिसेल अशी, बेटाला पूर्ण फेरा घालत राहिली. सुनांचं रडणं थांबलं. अंगुरीबाई तिच्याकडे एकटक बघत होत्या. गोमतीबाईचा उजवा हात सुकाणूवर होता. डावा मधूनच पुढे जायचा, समोरच्या रिकाम्या जागेवर क्षणभर थांबायचा आणि मागे यायचा.

नाव काठाला लागली. हसणारे आता हात जोडून उभे होते. शेठजींनीही टोपी सारखी केली.

"तुह्या अंगात हेमसिंग आला होता, बाई," ते भारावून म्हणाले. "त्याच्यासारखा नावाडी होनं नाही. नाहीतर तू! पाण्याच्या भेवानं आठ वर्सं त्याच्या खांद्यावरचा हात काढला नाही तू."

गोमतीबाईने ओला घुंगट मागे टाकला. एवढ्या वर्षांत तिचं तोंड लोकांना आज पहिल्यांदा दिसत होतं. दोर तिने पुन्हा मनगटाला वेढला, सोललेल्या जागीच.

"हात भेवाचा नोता, शेठजी," ती म्हणाली. "मालकाले आठ वर्सांपासून दिसतच नोतं."