खिडकीखालची जागा

साहेब, कामगारांची पोरं बागेच्या आवारात दिसली तर नोकरी गेली, हा हुकूम तुमचाच. बालवाडीला सुट्टी लागली तशी मी माझ्या पोरीला तिकीटखिडकीत, टेबलाखाली लपवायला लागले. बाहेर पोरं आकाशपाळण्यात बसून किंचाळायची आणि ही खालून कुजबुजायची, “आई, आता तरी येऊ का बाहेर?” रांगेकडे बघून हसत हसत मी तिला पायानंच गप्प करायचे.

काल माझी सुट्टी होती. म्हटलं, गिऱ्हाईकासारखं तिकीट काढून एकदा तरी पोरीला पाळण्यात बसवू. रांग धरून खिडकीशी आलो. आत माझ्या बदली आलेली बाई होती. “दोन द्या हो ताई,” मी म्हटलं. तेवढ्यात कडेवरच्या पोरीनं खिडकीतून आत डोकं घातलं, खाली वाकून पाहिलं आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशी ओरडली, “आई, माझ्या जागेवर दुसरंच बाळ बसलंय!”

त्या बाईला तुम्ही संध्याकाळीच काढलंत. आता मलाही काढा, पण आधी उत्तर द्या साहेब: बालवाडी उघडेपर्यंत आम्ही आमची पोरं ठेवायची कुठे?