रोज एक थेंब

रेइनाचे आठही पाय पोटाखाली मिटलेले होते. लिउबाने बरणी हलकेच कलती केली. रेइना तळावरून घसरत गेली आणि काचेला टेकून थांबली. कोळ्याचे पाय आतल्या द्रवाच्या दाबाने सरळ होतात. दाब संपला की ते असे मिटतात. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या लिउबाला हे कुणी सांगायला नको होतं.

आई पावाच्या रांगेत होती. परतायला फार तर पाऊण तास.

रेइना, म्हणजे राणी, हे उड्या मारणाऱ्या एका कोळ्याचं नाव. करड्या रंगाची मादी, अंगठ्याच्या नखाएवढी. लिउबाच्या भावाने, ओस्नीएलने, ती मागच्या अंगणातल्या पेरूवरून धरली होती. मेयोनीजची रिकामी बरणी, झाकणाला तापल्या सुईने पाडलेली भोकं, आत पेरूची एक काटकी आणि बाटलीचं एक बूच. पाणी पाजायला लिउबाने दवाखान्यातून आणलेली सिरिंज. माश्या घरच्याच. "तिकडे मायामीत लोक यांच्यासाठी चाळीस डॉलरचं काचेचं घर घेतात," ओस्नीएल सांगायचा. "आमची राणी मेयोनीजमध्ये राहते आणि वर भाडंही देत नाही."

बावन्न दिवसांपूर्वी तो कायबारिएनच्या किनाऱ्यावरून एका होडीत बसून, चोरून, समुद्रापार फ्लोरिडाकडे निघाला. जाताना त्याने बरणी आईच्या हातात दिली. तीन दिवसांनी एक माशी, रोज एक थेंब पाणी. "मी पोचेपर्यंत सांभाळ." त्यानंतर त्याचा फोन आला नाही.

आईने एकही थेंब चुकवला नाही. पहिले काही दिवस ती तोंड वाकडं करून लांबूनच सिरिंज धरायची. मग थेंब बोटावर घेऊ लागली. झाकणावर दोन टिचक्या मारायच्या, बोट आत धरायचं आणि वाट बघायची. महिनाभराने रेइना बोटावर चढून पाणी प्यायला लागली. "ही आहे तोवर तोही आहे," आई एकदा बोलून गेली. पुन्हा कधी म्हणाली नाही. पण रोज सकाळी बरणीचं झाकण लावताना तिचा श्वास सुटायचा, तो लिउबाला ऐकू यायचा.

आठ दिवसांपूर्वी मायामीतल्या मामेभावाचा फोन आला. ओस्नीएल सापडला होता. खांद्यावरच्या गोंदणावरून मामेभावाने त्याला ओळखलं. लिउबा रोज आईला सांगायचं ठरवून उठायची. रोज आईच्या बोटावर रेइना बसलेली असायची.

लिउबाने रेइनाला कागदात गुंडाळलं, पुडी खिशात टाकली आणि ती पेरूकडे गेली. एकेक पान उलटून बघू लागली.

"काय गं, पेरू तर कधीच संपले," कुंपणापलीकडून शेजारीण फेफा ओरडली.

"कोळी शोधतेय."

"अगं बाई! आता कोळीसुद्धा रेशनवर मिळायला लागले की काय? मला मोठा बघ एखादा, रश्शाला होईल."

लिउबा हसली. फेफाला शंका येणार नाही इतकीच.

एका पानाच्या घडीत पांढऱ्या धाग्यांचं घरटं होतं. आत मादी. करडी, तेवढीच. पोटावर तीन पांढरे ठिपके, जबड्यावर हिरवी चमक. घरात येऊन लिउबाने पुडी उघडली आणि दोघींना शेजारी धरून पाहिलं. एकही फरक दिसला नाही. तिने नव्या कोळ्याला बरणीत सोडलं आणि बूच जागच्या जागी ठेवलं.

आई आली ती बोलतच. "दोन पाव, तेही माझ्या मुठीएवढे. पुढच्या वेळी भिंग घेऊन जाते." तिने पाव टेबलावर ठेवले, हात धुतले, सिरिंज घेतली. झाकणावर दोन टिचक्या मारल्या. थेंब घेतलेलं बोट आत धरलं.

कोळी बुचामागे सरकला.

आई थांबली. थेंब ओघळून पडला. तिने दुसरा घेतला. बोट थोडं पुढे नेलं. कोळ्याने पुढचे दोन पाय उंच केले, शत्रू समोर आला की करतात तसे.

"भूक-तहान नसेल," लिउबा म्हणाली. "कात टाकायची असेल. तेव्हा अशाच वागतात."

"ओस्नीएल म्हणाला होता, पूर्ण वाढल्या की टाकत नाहीत."

हे लिउबालाही माहीत होतं.

आईने बोट बाहेर काढलं आणि सावकाश झग्याला पुसलं. बरणी घेऊन ती अंगणात गेली. पेरूच्या फांदीला बरणीचं तोंड टेकवून उभी राहिली. कोळी काठावर आला, क्षणभर थबकला आणि एका उडीत पानांत दिसेनासा झाला.

"आपली कुठंय?" तिने मागे न बघता विचारलं.

लिउबाने खिशातून पुडी काढली. आईने ती उघडली. बराच वेळ बघत राहिली. मग होत्या त्याच घड्यांवर कागद पुन्हा मिटला आणि पुडी मुठीत धरली.

"नुसती हीच मेली असती," आई म्हणाली, "तर तू मला सांगितलं असतंस."

पलीकडे फेफा बादलीत कपडे पिळत होती. लिउबाला तेवढाच आवाज ऐकू येत होता.

"ओस्नीएल कुठे सापडला, लिउबा?"